राखणदाराची बदली

१२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहीत जा आणि विद्यार्थिनींवर ओरडणं कमी करा. बीपी वाढलंय म्हणे. त्यांना एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं पाहिजे. समोरून बस येतेय आणि शिकणारी बाई ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतेय, तेव्हा "ताई, जरा पाय उचलता का" असं म्हणत बसायचं काय? माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आहे म्हणून मुलुंडमधली बरीच माणसं आज जिवंत आहेत, एवढंच लिहून ठेवते.

तर मी शुभा. 'शुभा मोटार ट्रेनिंग, फक्त महिलांसाठी'. एक लाल गाडी. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर, आणि दुपारी आमच्याच हॉलमध्ये लायसन्सच्या परीक्षेचा क्लास. वन बीएचके आहे, पण जागेची अडचण कधी आली नाही. माझा नवरा राजेश रात्रपाळी करून दुपारी बेडरूममध्ये झोपलेला असतो आणि सासरे, म्हणजे अण्णा, सोसायटीच्या आवारात जांभळाखाली खुर्ची टाकून बसलेले असतात. सकाळचा चहा झाला की बाहेर, दिवेलागणीला आत. हॉल मोकळा.

आज प्रबुद्ध म्हणून एक मुलगा आला होता. घाटकोपरचा, एमएस्सी झालेला, बोलायला गोड. त्याच्या संस्थेचं नाव 'हिरवी वाट'. मोबाइलवर त्यांचं ॲप घ्यायचं, महिन्यात गाडी किती किलोमीटर फिरली ते भरायचं, की तेवढ्या धुराच्या बदल्यात ते मुरबाडच्या पुढे एका डोंगरावर आपल्या नावाने झाडं लावतात. थोडी वर्गणी आहे. वर काचेला स्टिकर: 'ही गाडी निसर्गाचं देणं लागत नाही.' ह्याला म्हणायचं कार्बन ऑफसेट, मराठीत उत्सर्जन-भरपाई. मी म्हटलं, बाबा रे, हे शब्द माझ्या बायकांना ऐकवलेस तर त्या दुसऱ्या क्लासला जातील.

पण स्टिकर घेतलं. खरं सांगायचं तर हल्ली सकाळच्या बॅचला समोरचा डोंगर दिसत नाही, नुसता राखाडी पडदा असतो, आणि त्या पडद्यात रोज दोन बायकांना दहा-दहा वेळा गाडी चालू-बंद करायला मीच शिकवते. टोचायचं थोडं. आता नाही टोचत.

१४ नोव्हेंबर

रात्री जेवताना घरात योजना समजावून सांगितली. राजेश म्हणाला, "म्हणजे तू इथे धूर सोडणार आणि मुरबाडला झाड तो ओढून घेणार. धुराला पत्ता दिलाय का?" ह्याला झोप कमी पडते, म्हणून असं बोलतो.

अण्णांना मात्र एका झटक्यात कळलं. "म्हणजे ही राखण झाली," म्हणाले.

त्यांच्या सिंधुदुर्गात पद्धतच आहे. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, दिसत नाही पण असतो. त्याला वर्षाची राखण द्यायची, म्हणजे नारळ नाहीतर कोंबडा, की तो वर्षभर जागेला आणि माणसांना सांभाळतो. अण्णा गिरणीत लागायला मुंबईत आले तेव्हा ही समजूत बरोबर घेऊन आले. आवारातल्या जांभळात राखणदार आहे असं त्यांचं ठाम मत. दरवर्षी नारळ आणि विडा ठेवतात. केयूरभाई शहांच्या खिडकीखाली कोंबडा कापता येत नाही, म्हणून आमच्या राखणदाराला शाकाहारी करून टाकलंय.

उत्सर्जन-भरपाई गेली खड्ड्यात. माझ्या नव्या जाहिरातीत मी लिहिणार: 'शिका गाडी. तिची राखण आम्ही देतो.'

२ डिसेंबर

जाहिरात झकास चाललीय. भांडुपहून, ठाण्याहून बायका येतायत. एकीने तर सांगितलं, गाडी घ्यायची फार इच्छा होती पण मुलगी पर्यावरणावरून भांडायची, आता काय बोलेल. मी तिला पूर्ण कोर्स दिला.

माझंही मन किती हलकं झालंय. पूर्वी कोथिंबीर आणायला चालत जायचे, गुडघा कुरकुरायचा. आज गाडी काढली. राजेश दारात उभा होता. "कोथिंबिरीला गाडी?"

"राखण दिलीय," मी म्हटलं.

संध्याकाळच्या बॅचची एक जण फोनवर बोलत बसली होती, इंजिन चालू ठेवून. म्हटलं बंद करा, तर म्हणते, "मॅडम, झाड लावलंय ना." मीच शिकवलेलं.

प्रबुद्धने महिन्याचा आकडा दोनदा बघितला. म्हणाला, "मॅडम, किलोमीटर वाढलेत. खरं म्हणजे आधी गाडी कमी चालवायची. जी टाळताच येत नाही तेवढ्यापुरतंच झाड." पोरगा हुशार आहे, पण धंदा करता येत नाही त्याला. गिऱ्हाइकाला कोणी असं सांगतं का?

२१ डिसेंबर

दुसरी गाडी घ्यायचीच. बॅच मावत नाहीत. पांढरी बघून ठेवलीय, सीएनजीवाली. पण लावू कुठे? सोसायटीत एक इंच जागा नाही. लाल गाडीसाठीच सहा वर्षं भांडले होते.

आज केयूरभाई आपणहून घरी आले. ते सेक्रेटरी आहेत. म्हणाले, "शुभाबेन, मार्ग आहे. जांभूळ काढलं तर चार पार्किंग निघतात. एक तुमचं."

झाडावर त्यांचा जुना राग. मे-जूनमध्ये त्यांच्या मोत्यासारख्या पांढऱ्या गाडीवर जांभळं पडतात आणि ती जांभळी होते. मागच्या पावसात फांदी पडून काच फुटली, तेव्हापासून ते झाडाकडे बघतसुद्धा नाहीत. महापालिकेत अर्ज करायचा आहे, म्हणाले, आणि अर्जाबरोबर दुसरीकडे झाडं लावल्याचं दाखवावं लागेल. "तुमची तर लागलेलीच आहेत. तीच दाखवू."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी त्यांना दुसरा चहा दिला.

५ जानेवारी

सोसायटीची मीटिंग. तरुण लोक सगळे हो म्हणाले, प्रत्येकाला गाडी आहे. जुने चार-पाच जण अडून बसले. त्यांचं म्हणणं एकच: काशीरामअण्णांना विचारा. ते राखण घालतात, त्यांनी हो म्हटलं तर आमची सही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णा मीटिंगला नव्हते. ते झाडाखालीच होते, मीटिंग गच्चीवर होती आणि त्यांना जिने चढवत नाहीत. चौऱ्याऐंशी पूर्ण झालीत.

मी म्हटलं, बघते बोलून. घरी येऊन खिडकीतून पाहिलं. खुर्चीत बसले होते, पाय दुसऱ्या खुर्चीवर. वॉचमन त्यांना पेपर वाचून दाखवत होता. दूधवाला, कुरिअरवाला, शाळेतून येणारी पोरं, सगळ्यांची विचारपूस चालू. एकटे म्हणून नसतात कधी. मला उगाच वाटलं की त्यांना काय सांगायचं. मग वाटलं, माणसं झाडामुळे थोडीच येतात? माणसं अण्णांसाठी येतात. अण्णा कुठेही बसले तरी येतील.

११ जानेवारी

प्रबुद्धला बोलावून अर्जाचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, ती झाडं तुमच्या गाडीच्या धुराच्या बदल्यात आहेत. तीच परत जांभळाच्या बदल्यात कशी दाखवणार? एक झाड दोन पापांना नाही चालत."

मी म्हटलं, "एक गणपती अख्ख्या सोसायटीला चालतो ना?"

त्याने मोबाइल खिशात टाकला. निघताना जांभळाखाली अण्णांजवळ थांबला, बराच वेळ. मला वाटतं त्याला कोकणी बोलणं ऐकायला मजा येते. जाताना म्हणाला, "मॅडम, वेगळी झाडं लावू सोसायटीच्या नावाने. तेवढं तरी करा." करू म्हटलं. केयूरभाईंना विचारलं तर ते म्हणाले, कशाला डबल?

१९ जानेवारी

आज बोलले अण्णांशी. दोन आठवडे टाळत होते. बस अंगावर आली तरी मी डगमगत नाही, पण आज आधी हवापाण्याचंच बोलत बसले.

सरळ सांगितलं: धंदा वाढतोय, गाडी घ्यायचीय, जागा नाही, झाड काढलं तर जागा होते. ते ऐकत होते. वर बघितलं त्यांनी झाडाकडे.

"आणि तो खंय जातलो?" तो म्हणजे राखणदार.

ह्याची तयारी मी करून ठेवली होती. म्हटलं, "अण्णा, आपण मुरबाडला झाडं लावलीत. आपल्या नावाची. तिथे राखणदार नाही कोणी. ह्याला तिकडे जायला सांगू."

"बदली?"

"हां. बदलीच."

"तो काय एसटीत कंडक्टर आसा, बदली घेवक?" पण हसले. मग पायाने वाळकी पानं गोळा करत बसले. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "तेका रीतसर सांगाक होया. गाऱ्हाणा घालूक होया. न सांगता घर मोडला तर तो खवळता."

"आणि तुम्ही? तुम्हाला चालेल ना?"

"माका काय, मी खंय पण बसान," म्हणाले. "तुझो धंदो चलाक होयो."

इतका समजूतदार माणूस मिळायला नशीब लागतं. मी त्यांच्यासाठी रात्री सोलकढी केली. राजेश जेवायला बसला, कढीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मिळाली वाटतं सही." काही काही वेळा ह्या माणसाला उत्तर द्यायची इच्छा होत नाही.

१ फेब्रुवारी

आज गाऱ्हाणं झालं. असं गाऱ्हाणं कोकणातसुद्धा झालं नसेल.

अण्णांनी धोतर नेसलं, नारळ घेतला आणि झाडासमोर उभे राहिले. मागे अख्खी सोसायटी. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, मी थांबलो की 'व्हय महाराजा' म्हणायचं. मग सुरू केलं.

"बा राखणदारा, तू ह्या जाग्याचो धनी."

"व्हय महाराजा." केयूरभाई सगळ्यांत मोठ्याने.

"आज चाळीस वर्सां तू आमका सांभाळलंस. पोराटोरांक सांभाळलंस. माझी बायल गेली तेव्हा मी तुझ्याच मुळात येवन बसलंय, तू काय बोललंस नाय, पण बसाक दिलंस."

हे मला माहीतच नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा मी नवीन होते ह्या घरात. मला वाटायचं अण्णा तेव्हा कुठेतरी फिरायला जातात.

"व्हय महाराजा."

"आता ही जागा गाडीयांक होयी. तुका मुरबाडाक जागा बघलेली आसा. डोंगर आसा. झाडाचो नंबर..." इथे त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी मोबाइल काढून नंबर वाचला. त्यांनी तो राखणदाराला नीट दोनदा सांगितला, घोळ नको म्हणून. "वाट चुको नको. कल्याणावरसून मुरबाड, आणि फुडे कोणाकय विचार."

"व्हय महाराजा."

"आणि माझ्या सुनेची लाल गाडी आसा, आता दुसरी येतली. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या बायलांका सांभाळ. कोणाक ठोकूक देव नको. तिचा बीपी कमी कर. काय चुकला-माकला आसात तर ता माझ्यावर घाल, तिच्यावर नको."

"व्हय महाराजा."

मी रडले. सगळ्यांसमोर. अण्णांनी नारळ फोडला आणि जुन्या चौघांनी तिथेच, झाडाच्या बुंध्यावर कागद ठेवून सह्या केल्या.

९ मार्च

परवानगी आली होती. आज झाड काढलं. दुपारपर्यंत आटोपलं. मोहोर होता. अण्णा घरात होते, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. करवतीच्या आवाजात झोप कशी लागली कोण जाणे.

१० मार्च

ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा किचनमध्ये ऊन आलं. इतका उजेड! डाळीत खडा दिसला. कपडे दोन तासांत कडक. सगळ्या बायका खूश आहेत.

सकाळी अण्णा सवयीने चहा झाल्यावर खुर्ची घेऊन बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परत आले.

२३ मार्च

पांढरी गाडी आली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, काचेला स्टिकर लावलं. जांभळाच्या जागीच उभी आहे, काय शोभतेय. फरशा नव्या बसवल्यात, पिवळा पट्टा मारलाय.

एकच अडचण. दुपारच्या क्लासला अण्णा घरात असतात. हॉलमध्ये कोपऱ्यात बसवले तर बायका अवघडतात, शिवाय ते मध्येच बोलतात. मी 'नो पार्किंग'चं चिन्ह दाखवलं तर म्हणाले, "ह्याच्या आड बसाक चलता?" बायका हसल्या, क्लास विस्कटला. बेडरूममध्ये राजेश. किचनमध्ये स्टुलावर बसवलं तर गॅससमोर घामाघूम. मग ते जिन्यात जाऊन बसले. येणारे-जाणारे अंग चोरून वर चढतात, बोलायला कोण थांबणार? वॉचमनची केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. बाग आहे, पण ती सिग्नलच्या पलीकडे, आणि त्यांचे गुडघे.

मी आज चिडून बोलले, "अण्णा, तुम्हीच म्हणालात ना, कुठेही बसेन?" ते म्हणाले, "व्हय, बघतंय." बोलायला नको होतं मी. जीभ आवरत नाही, आणि मग लिहीत बसते.

६ एप्रिल

अण्णांचा धोशा होता, तो नीट गेला का बघून येऊ. म्हटलं चला, नव्या गाडीची लाँग ड्राइव्ह पण होईल. आज रविवार, राजेशला उठवला, तिघं निघालो. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर झाले, पण काम झाडांचंच होतं म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

प्रबुद्ध तिथे हजर होता. डोंगर म्हणजे उघडा माळ. ऊन नुसतं भाजत होतं. रांगेने खड्डे, प्रत्येक खड्ड्यात काठी, काठीला पट्टी, पट्टीवर नंबर. काही काठ्यांशेजारी झाड होतं, काहींशेजारी नव्हतं. टँकर उभा होता, डिझेलचा धूर सोडत. मी विचारलं, ह्याची भरपाई कोण देतं? प्रबुद्ध म्हणाला, "मॅडम, ते मीही विचारलं होतं ऑफिसात."

आमचा नंबर सापडला. झाड होतं, देवाची कृपा. माझ्या गुडघ्याएवढं, सात-आठ पानं. जांभूळच होतं. मी फोटो काढला, खूप छान वाटलं.

अण्णा कुठे गेले बघते तर ते झाडाशेजारी जमिनीवर बसले होते. म्हणजे नेहमीसारखे बसायला गेले, सावलीचा अंदाज घेत. सावली तळहाताएवढी. त्यांनी त्यात आपला एक पाय सरकवून ठेवला होता.

"प्रबुद्धा, ह्याच्या सावलेक बसाक माका अजून किती वर्सां जगाचा लागतला?"

प्रबुद्धने काहीतरी थाप मारायला हवी होती. हा मुलगा खरं बोलतो. म्हणाला, "वीस-पंचवीस, अण्णा. जगलं तर."

"मी काय झाड?"

"दोघंही," प्रबुद्ध म्हणाला, आणि लगेच मान खाली घातली.

अण्णा रागावले नाहीत. त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग उठता उठता मला म्हणाले, "तो हय नाय गो इललो." राखणदार आला नाही. "असतो तर कळला असता." मी म्हटलं, अहो, नवीन पोस्टिंग आहे, येईल सावकाश. राजेशने गाडीत बसून दार इतक्या जोरात लावलं की नवीन गाडीचं बिजागर हललं.

परतताना अण्णा मागच्या सीटवर झोपले. एसी लावला होता. किती शांत झोपले होते.

१२ एप्रिल

मुरबाडहून आल्यापासून राजेश माझ्याशी धड बोलत नाहीये. सोमवारीच म्हणाला, "दुपारचा क्लास बंद कर." मी म्हटलं, गाडीचे हप्ते तू भरणार का? तो म्हणाला, मी बाहेर झोपतो, बाबांना बेडरूम दे. मग तो दोन दिवस किचनमध्ये जमिनीवर झोपला, कुकरच्या शिट्ट्यांत. तिसऱ्या दिवशी कामावर डुलकी लागली आणि साहेबाने लेखी ताकीद दिली. अण्णांना ते कळलं, आणि ते स्वतःच बेडरूममधून उठून बाहेर आले. आता सांगा, ह्यात माझी चूक कुठे आहे?

२० एप्रिल

अण्णा आज पडले. दुपारी खुर्ची घेऊन आवारात गेले, जिथे रोज बसायचे बरोबर तिथे, पांढऱ्या गाडीला टेकून. गाडीची सावली मिळेल असं वाटलं असणार. ऊन डोक्यावर, सावली गाडीच्या पोटात. फरशा तापलेल्या. वॉचमनने आरडाओरडा केला, मी खडू टाकून धावले.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. मी नुसती "अण्णा, अण्णा" करत होते. केयूरभाई पाणी घेऊन आले, त्यांनी स्वतःच्या रुमालाने तोंड पुसलं. घाबरले होते बिचारे. अण्णांना आत नेऊ तर हॉलमध्ये नऊ बायका. मी किल्ली काढली, पांढऱ्या गाडीत मागे आडवं केलं आणि एसी फुल्ल केला. दहा मिनिटांत रंग आला चेहऱ्यावर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाचा त्रास आहे, पावसाळा लागेपर्यंत दुपारी गारव्यातच ठेवा. माझंही बीपी बघितलं. वाढलंय. लिहिताय ना, म्हणाल्या.

२७ एप्रिल

सुटला प्रश्न. उपाय इतके दिवस डोळ्यांसमोर होता आणि सुचत नव्हता. पांढरी गाडी अकरा ते पाच उभीच असते, बॅच सकाळी आणि संध्याकाळी. अण्णांना तिथे बसवायचं. सीट मागे पाडायची, उशी द्यायची, इंजिन चालू, एसी चालू, काच बोटभर उघडी. पुन्हा बसतात त्याच जागेवर, जिथे चाळीस वर्षं बसले. केयूरभाईंना तर इतकं बरं वाटलं. म्हणाले, शुभाबेन, बघा, सगळं जिथल्या तिथे आलं.

राजेश खिडकीत उभा राहून बघत होता. मी म्हटलं, बोल, टोमणा मार. त्याने पडदा ओढून घेतला.

४ मे

महिन्याचं ॲप भरायला बसले. लाल गाडीचं भरलं. पांढरीचं सकाळ-संध्याकाळचं भरलं. मग वाटलं, दुपारी सहा-सहा तास इंजिन चालू असतं, त्याचंही झाड लावायला हवं. मी चोर नाही. पण ॲपमध्ये किलोमीटर विचारतात आणि गाडी तर हललीच नाही. शून्य टाकलं. खाली हिरव्या अक्षरांत आलं: 'अभिनंदन, ह्या प्रवासात आपण निसर्गाचं काहीही देणं लागत नाही.'

प्रबुद्धला फोन केला, म्हटलं, उभ्या गाडीचं कुठे भरायचं? त्याला सगळं सांगितलं, अण्णांचं. त्याने आधी अण्णा कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, ह्याचा रकाना नाहीये." तो ती नोकरी सोडतोय, असंही म्हणाला. मला वाईट वाटलं. चांगला मुलगा होता.

क्लास संपल्यावर ताक घेऊन खाली गेले. बाहेर भट्टी लागलेली, आवारात चिटपाखरू नाही. दूधवाला गाडीशेजारून गेला, काचेत डोकावला आणि तसाच पुढे गेला. काळी काच आहे, आतलं दिसत नाही. अण्णा झोपले होते. मी काचेवर टकटक केली तेव्हा दचकून जागे झाले, इकडेतिकडे बघितलं. इंजिन चालू, सीट बारीक थरथरत होती. त्यांनी काच खाली केली.

"पोचलंव काय गो?"

मी विचारलं, कुठे अण्णा? ते माझ्याकडे बघत राहिले, जशी मीच ते सांगणार होते.

"नाही अजून," मी म्हटलं. "झोपा तुम्ही." ताक त्यांच्या हातात दिलं, पेला रिकामा होईपर्यंत थांबले, आणि काच वर केली.